परतीची बाजू

“खूण काढलीस की लगेच पुढं पळू नकोस, नीवेस. झाडाच्या मागच्या अंगाला जा, तिथं दुसरी काढ. जाणाऱ्याच्या अंगात जोर असतो, तो कसाही जातो. वाट सापडायला हवी ती दमून परत येणाऱ्याला.”

वेशीतल्या कोनाड्यासमोर नीवेस उभी होती आणि डेल्फोचा आवाज तिला असा ऐकू आला, जणू तो पाठीमागे शिडी धरून उभा आहे. तिने वळून पाहिलं. मागे फक्त धुकं होतं. मॉन्तेरोको गावाच्या तटाखालचे द्राक्षमळे, त्यांच्यापलीकडचं चेस्टनटचं रान, काहीच दिसत नव्हतं. त्या पांढऱ्यात कुठेतरी डेल्फो होता, तिचा नवरा. अंगावर एक विणलेलं जाकीट, तेही कोपरांवर विरलेलं.

कोनाड्यातल्या मरियामातेपुढे रोज सकाळी दिवा लावल्याखेरीज नीवेस तोंडात पाणी घेत नसे. लग्न होऊन या गावात आल्यापासूनचं तिचं व्रत होतं ते. आज काडी पुन्हा पुन्हा विझत होती. दिवा एकदाचा लागला तेव्हा तिने हात जोडले. आजवर तिने मरियामातेपाशी कधी देवाणघेवाण केली नव्हती. आज केली.

“त्याला आण. जसा असेल तसा आण. मग माझं काय करायचं ते कर.”

डेल्फो जन्मभर गावाभोवतीच्या डोंगरवाटांवर खुणा रंगवत आला होता. वर लाल पट्टा, खाली पांढरा. झाडावर, दगडावर, पडक्या भिंतीवर. पाठीवर पिशव्या बांधून हिंडणारे लोक कुठून कुठून यायचे, त्या पट्ट्यांच्या भरवशावर मळ्यामळ्यांतून फिरायचे आणि संध्याकाळी चौकात येऊन दारू पीत बसायचे. पट्टे कुणी काढले हे कुणी विचारत नसे. डेल्फोला त्याचं काही नव्हतं. “कुणी चुकलं नाही म्हणजे माझी आठवण काढली नाही,” असं तो म्हणायचा आणि खूश असायचा.

मग त्याला विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग दिवस. वाटा मात्र राहिल्या, पण जुन्या आणि नव्या एकमेकींत मिसळून. डब्यातला रंग संपेपर्यंत तो कशावरही खूण काढू लागला. मळेवाल्या ऑर्फेओच्या ट्रॅक्टरवर काढली, तेव्हा सगळं गाव हसलं. दोन परदेशी पाहुणे त्या ट्रॅक्टरच्या मागोमाग चालत थेट ऑर्फेओच्या अंगणात पोचले होते.

“मला विचारतात, वाट इथंच संपते का?” ऑर्फेओ चौकात सांगत होता. “म्हटलं, माझी तर इथंच संपते बाबांनो, बायको आत आहे.”

डेल्फोही हसला होता. सगळे हसतायत म्हणून.

घरातही त्याला न्हाणीघर सापडेना, तेव्हा नीवेसनेच ब्रश घेतला. पलंगापासून बोळातून न्हाणीपर्यंत भिंतीवर तिने पट्टे ओढले. तो खुणेखुणेने बरोबर गेला. तिला वाटलं, जिंकलं. मग आतून हाक आली, “नीवेस, आता पुढं कुठं?”

तो न्हाणीच्या दारात उभा होता. त्याच्या समोर कोरी भिंत.

“अरे, आलास तसाच मागं फिर की.”

“मागं कुठं?” तो रागावला नाही, अगदी समजुतीने बोलला. “तू परतीची काढलीच नाहीस, बाई. तुला किती वेळा सांगितलं मी.”

“काढते हं.”

“नक्की?”

“शपथ घेऊ का? काढते म्हटलं ना.” आणि त्याचा हात धरून तिने त्याला परत आणलं. मग आज घरात पाहुणे, उद्या गुडघा दुखतोय, असं करता करता ते राहिलं. हाक आली की ती जायची, हात धरून आणायची. हात होता तोवर खुणेची घाई कुणाला?

आणि द्राक्षांची तोडणी ऐन भरात असताना, ती चर्चमध्ये मिस्साला गेली असता, डेल्फो कमरेला रंगाचे छोटे डबे बांधून घराबाहेर पडला. तेव्हापासून इतके दिवस त्याचा शोध चालू होता.

“नीवेसमावशी, घरात चला. गारठाल.” शोधपथकातली लोरियाना वेशीपाशी आली होती. बेकरीवाल्याची ही मुलगी. हिच्या बाप्तिस्म्याला नीवेसने टोपडं विणलं होतं. तिच्यामागे ऑर्फेओ उभा होता, हात मनगटापर्यंत जांभळे, टोपी हातात.

त्याने टोपी काढलेली पाहूनच नीवेसला कळलं.

स्वयंपाकघरात तिने सूप गरम केलं, पावाचे तुकडे घातले, दोघांपुढे ठेवलं. स्वतः उभीच राहिली.

“बोल आता.”

“मावशी, माग काढणारी कुत्री माघारी चाललीत. दुसरीकडं बोलावणं आहे.” लोरियाना ताटलीकडे बघत होती. “आमची माणसंही... उद्यापासून एक-दोघंच येतील. रात्री मोठा पाऊस सांगितलाय.”

“म्हणजे थांबवताय.”

“थांबवत नाही, मावशी. कमी करतोय.”

“एकच ते.”

ऑर्फेओने चमचा खाली ठेवला. “माझी पोरं मी शोधातून काढून तोडणीला घेतली, नीवेस. मीच. तू दुसऱ्याकडनं ऐकायला नको. पाऊस पडला तर वेलीवरची सगळी द्राक्षं कुजतील. तुला तोंड दाखवायला लाज वाटते मला.”

“मग दाखवलंस कशाला?” ती म्हणाली. आणि मग, तो उठायला लागलेला पाहून, “बस. सूप संपव. उपाशी जाऊ नकोस माझ्या घरातून.”

तो बसला. खाताना त्याचे डोळे गळत होते आणि तो ते जांभळ्या हाताने पुसत होता.

“कुठवर माग सापडला तुम्हाला?” नीवेसने विचारलं.

लोरियानाने सांगितलं. सांता लुचीयाच्या पडक्या देवळाकडे जाणारी जुनी वाट. डोंगर खचला तेव्हापासून बंद केलेली. डेल्फोने त्या वाटेवर ताज्या खुणा काढल्या होत्या, एकही झाड न चुकता, हात जराही न थरथरता. शेवटची खूण दरडीच्या अगदी काठावरच्या ओकच्या झाडावर. तिथेच त्याची टोपी पडली होती.

“खाली दोर सोडून उतरलो. नुसता चिखल, अजून सरकतोय. खाली ओढा आहे. बाकी काही नाही. मला माफ करा.”

चुलीवरचं भांडं नीवेसने उगाच सरळ केलं.

“खुणा कुठल्या अंगाला आहेत?”

“म्हणजे?”

“जाणाऱ्याला दिसतात त्या, की येणाऱ्याला?”

लोरियाना आठवू लागली. “जाणाऱ्याला. हो, सगळ्या जाणाऱ्याला. परतताना धुक्यात आम्हालाच वाट सापडेना. मी मघाशी मुलांना तेच म्हणत होते, डेल्फोकाकांनी असं कधी केलं नव्हतं.”

“नाही केलं कधी,” नीवेस म्हणाली.

ती बोळात गेली. भिंतीवरचे तिचे पट्टे न्हाणीकडे चालले होते. शेवटपर्यंत जाऊन ती मागे वळली. परतीच्या अंगाला भिंत कोरीच होती. तिने तिथे तळवा टेकवला. एवढ्या दिवसांत ती रडली नव्हती. आताही आवाज फुटू दिला नाही, आत माणसं जेवत होती.

जाताना लोरियाना दारात थांबली. “आज एकट्या राहू नका. आईला पाठवते सोबतीला.”

“संध्याकाळी पाठव. आता मला काम आहे.”

दोघं गेल्यावर ती तळघरात उतरली. लाल रंगाचा मोठा डबा, पांढऱ्याचा मोठा डबा. साय धरली होती. काडीने ती बाजूला करून तिने रंग ढवळला. डेल्फोचा जुना ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा होता, त्याने सोडला होता तसाच मऊ. डोक्याला रुमाल बांधून तिने जपमाळ खिशात टाकली आणि कोट चढवला.

वेशीतला दिवा अजून जळत होता. तिने मान लववली, काही मागितलं नाही. तटाखालून मळ्यातल्या माणसांच्या हाका येत होत्या, पेट्या भरा, लवकर भरा. वर आभाळ भरून आलं होतं.

जुन्या वाटेच्या तोंडाशी पहिलं चेस्टनट होतं. त्याच्यावर डेल्फोची खूण, ताजी, नेटकी. नीवेस तिच्यावरून बोट न फिरवता पुढे गेली, झाडाला वळसा घातला, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकली. ओली साल तिने बाहीने पुसून काढली. वर लाल ओढला. खाली पांढरा.

मग ती वाटेने थोडी पुढे, खाली उतरली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली. दमून येणारा माणूस पाहील तसं तिने वर पाहिलं. धुक्यातूनही खूण दिसत होती.

तिने डबे उचलले आणि पुढच्या झाडाकडे निघाली.