चष्मा जागेवर आहे

"दोन, ताट घेऊन पुढे ये. एकानं वाढून घेतलंय."

ड्वेननं हाक मारली आणि मी पुढे सरकलो. डुलुथच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ जिथे चालतो तिथे, आमच्या वैमानिकांच्या युनियनची बैठक होती. टेबलावर घराघरांतून आलेली खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थांची भांडी मांडली होती आणि त्यांच्यापुढे आम्ही नंबरानं उभे होतो. तसं उभं राहा असं कुणी सांगितलं नव्हतं. सवयच तशी.

आमच्या धंद्यात सगळं नंबरावर चालतं. कंपनीत आलात की यादीतला शेवटचा नंबर मिळतो. वरचा कुणी निवृत्त झाला की सगळी यादी एकेक पायरी वर सरकते. नाताळची सुट्टी कुणाला, सकाळचं विमान कुणाला, मोठं विमान कुणाला, हे सारं यादी ठरवते. आर्विड ट्वेट एक नंबर आणि मी, हार्लन, दोन नंबर. म्हणजे कित्येक वर्षं त्यानं निवडून झाल्यावर उरलेलं ते माझं.

एका बाबतीत मात्र त्याची मेहेरबानी होती. एक नंबरला हवं ते विमान मिळतं, आणि आर्विडनं छोटं घेतलं होतं. जवळच्या लहान गावांना जाणारं, पंख्याचं. पगार कमी, खडखडाट जास्त. कंपनीला वाटलं त्याच्या हातून चुकून खूण झाली. त्यांनी तीनदा विचारलं. तो म्हणाला, "फार उंचावरून तळी दिसत नाहीत."

रांगेच्या शेवटी जोलीन कांगास होती. यादीतही ती शेवटचीच. तिच्या वाट्याला भांड्याच्या तळाची खरवड आली.

"खरवडच चांगली लागते," ती म्हणाली. "तुम्हा वरच्यांना काय कळणार."

जेवणं झाली आणि ड्वेन उभा राहिला. कंपनीशी वाटाघाटी करणाऱ्या समितीचा तो प्रमुख. वर्षभर त्यांच्यासमोर बसून बसून त्याचे केस पिकले होते.

"करार आलाय," तो म्हणाला. "पगार वाढतोय. साठीच्या पुढच्यांना निवृत्त होताना वेगळी थैली मिळतेय. बदल्यात त्यांची एकच अट आहे. टॅमरॅकसारख्या लहान गावांना जाणारी छोटी विमानं बाहेरच्या ठेकेदार कंपनीकडे द्यायची."

"ठेकेदाराचे वैमानिक निम्म्या पगारात उडवतात म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"निम्म्या पगारात नुसतं वर नेतात की खालीही आणतात?" गस म्हणाला. हशा पिकला. गसला हशा मिळाला की तो थांबत नाही. "आपल्या या चिमुकल्या युनियनला कंपनी घाबरतच नाही, खरं दुखणं ते आहे. देशभरच्या मोठ्या युनियनमध्ये जाऊ या. ते येतील आपल्या वतीनं भांडायला."

"मोठ्यांच्या दारात आपला नंबर लागेपर्यंत तू निवृत्त होशील, गस," ड्वेन म्हणाला.

"छोटी विमानं गेली की त्यांच्यावरचे आम्ही शेवटचे लोकही गेलो," जोलीन म्हणाली. "तेवढं वाक्य तुम्ही गिळलंत, ड्वेन."

ड्वेन वाईट माणूस नव्हे. त्यानं मान खाली घातली. "तू तरुण आहेस. तुला कुठेही काम मिळेल."

"मिळेल की. तिथेही शेवटचाच नंबर मिळेल. चार वर्षं चढले ती पायरी पुन्हा पहिल्यापासून."

"यादीची शेपटीच तर जातेय," मागून कुणी पुटपुटलं. "डोकं शाबूत राहतंय ना."

"शेपटीशिवाय विमान उडवून दाखवा," जोलीन म्हणाली, "मग बोला."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी थोडा लवकर विरला. ड्वेननं आर्विडकडे पाहिलं. "एक नंबर काय म्हणतोय?"

आर्विडचे कान लाल झाले. उंचापुरा माणूस, पण चार डोळे आपल्याकडे लागले की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. स्वतःच्या लग्नात त्यानं "हो" म्हणायला इतका वेळ लावला की बर्निसनं त्याच्या पायावर पाय दिला होता. "मी... विचार करतोय," एवढं बोलून तो खाली बसला. पुढच्या गुरुवारी मतदान घ्यायचं ठरलं.

बाहेर गाडीपाशी मी विचारलं, "थैलीचं काय करणार तू?"

"तळ्यावरच्या घराचं छप्पर. गळतंय. बर्निस म्हणते, खाली ठेवायला आता घरात भांडं उरलं नाही." तो थोडा वेळ किल्ल्यांशी खेळला. "शरद ऋतू आला की मला पासष्ट पूर्ण होतील. त्यानंतर कायदा उडू देत नाही. करार आत्ता झाला तरच थैली माझी, लांबला तर नाही."

"मग 'हो' म्हण."

"हं," तो म्हणाला. त्याच्या 'हं'चा अर्थ मला इतक्या वर्षांत लागलेला नाही.

हाच आर्विड विमानात दार बंद करून बसला की वेगळा माणूस होई. माणसं मागे, आपण पुढे, कुणाचा चेहरा दिसत नाही, हातात माईक. मग तो प्रवाशांना नद्या सांगे, बीव्हर नावाच्या प्राण्यांनी बांधलेले बांध दाखवे, जुन्या खाणी दाखवे. टॅमरॅकच्या वाटेवर दोन गोल तळी आहेत आणि मधे त्यांना जोडणारा ओढा. नकाशात त्यांना नाव नाही. आर्विडनं ठेवलं होतं, 'आजीचा चष्मा'.

सोमवारी मी मिनियापोलिसहून मोठं विमान घेऊन येत होतो. आर्विड आणि जोलीन टॅमरॅकहून निघाले होते. त्यांच्या विमानात तिथल्या शाळेतल्या मिसेस लुंड बाईंचा अख्खा वर्ग होता, बंदरातली जहाजं बघायला निघालेला. विमानात माईक एकच असतो. ऐकणारे कोण, हे शेजारचं एक बटण ठरवतं. प्रवासी, की नियंत्रण कक्ष आणि त्या भागात उडणारी सगळी विमानं. ते बटण वळवायचं आर्विड विसरला.

"नमस्कार मंडळी," माझ्या कानात आवाज आला. "मी कॅप्टन आर्विड. खिडकीला नाक लावायला हरकत नाही, काचा पुसलेल्या आहेत. उजवीकडे बघा. दोन गोल तळी आणि मधे दांडी दिसतेय? तो आजीचा चष्मा. फार फार वर्षांपूर्वी एक आजी इथे मासे धरायला बसली आणि उठताना विसरून गेली. आपण रोज येता-जाता बघून घेतो, म्हणून तो चोरीला जात नाही."

माझ्या सहवैमानिकानं माझ्याकडे पाहिलं. मी बोट ओठांवर ठेवलं. बोलताना माईकची कळ दाबलेली असली की आपल्याला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. त्यामुळे आर्विड निवांत होता.

"आज विमान चालवतेय जोलीन. आमच्या यादीत मी सगळ्यात पहिला आणि ती सगळ्यात शेवटची. म्हणजे यादीची दोन्ही टोकं आज तुमच्या सेवेला आहेत. तुमच्यातला कुणी रांगेत शेवटी उभा राहत असेल तर त्यानं वाईट वाटून घेऊ नये. शेवटचा नंबर कुणाचा तरी असावाच लागतो. माझाही होता. माझ्या मागे कुणी येईना, तर मी पुढे कुठे जाणार होतो? असो. जोलीनचे हात माझ्यापेक्षा हलके आहेत. उतरताना कुणाचं दूध सांडणार नाही."

माईकची कळ सुटली. मग नियंत्रण कक्षातला गंभीर माणूस तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "कॅप्टन, माहिती मिळाली. दूध सांडणार नाही, हे लिहून घेतलंय."

"आमच्या उजवीकडे नुसते ढग आहेत, कॅप्टन," आमच्याच कंपनीचं दुसरं विमान बोललं. आवाज गसचा होता. "आम्हाला पैसे परत मिळतील का?"

"इथून चष्मा दिसतोय," मी म्हणालो. "जागेवर आहे."

मग कुठलंसं मालवाहू विमान, ज्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तेही म्हणालं, "चष्मा जागेवर आहे. आजीला कळवा."

आर्विडचा आवाज पुन्हा आला नाही. पुढचं सगळं जोलीन बोलली, आणि बोलताना तिला हसू आवरत नव्हतं. उतरल्यावर मी त्याला गाठायला गेलो, तर तो गाडीत बसून निघून गेला होता. जोलीन जिन्याशी उभी राहून एकेका मुलाला खाली उतरवत होती. तिचे डोळे मात्र ओले होते.

"मी चार वर्षं या माणसाशेजारी बसतेय," ती म्हणाली. "माझे हात हलके आहेत हे मला आज कळलं. तेही सगळ्या आभाळाबरोबर."

गुरुवारी क्लब भरला. ज्यांचा सुट्टीचा दिवस होता तेही आले. आर्विड आत शिरताच चौफेर सुरू झालं. "काय हो, चष्मा सापडला का?" "उजवीकडे बघू की डावीकडे?" तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला.

ड्वेननं करार पुन्हा वाचला. "चिठ्ठ्या टाकण्याआधी कुणाला बोलायचंय?"

"एक नंबर बोलेल," मी म्हणालो.

आर्विडनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचं छप्पर उचलून नेलं.

"इथे नाही. सामन्याच्या घोषणा करतात ती खोली उघडा," मी म्हणालो.

काचेची इवलीशी खोली आहे ती, बर्फाच्या मैदानाकडे तोंड केलेली. आम्ही सगळे तिच्या पाठीमागे. जोलीननं त्याला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, माईक त्याच्याकडे वळवला. "या वेळी बटण मी बघते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. समोर रिकामा पांढरा बर्फ. भोंग्यातून आधी खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

"नमस्कार मंडळी," मग आवाज आला. तोच, सोमवारचा. "मी कॅप्टन आर्विड. मत कसं द्यायचं ते मी सांगणार नाही. मी फक्त खाली काय दिसतंय ते सांगतो. आपली यादी म्हणजे शिडी. शरद ऋतूत मी वरून उतरणार. मग दोनचा एक होईल, त्याची फार वर्षांची इच्छा आहे."

सगळे माझ्याकडे बघून हसले.

"तुम्ही सगळे एकेक पायरी चढाल. ती पायरी मी तुम्हाला देत नाही, ती तशीच मिळते. आता कंपनी म्हणतेय, शिडीची खालची पायरी तेवढी विका. विकली तर वर उभं राहिलेल्याला काही कळत नाही. शिडी हलतसुद्धा नाही. मग पुढचा करार येतो, आणि ते पुन्हा खालचीच पायरी मागतात. त्या वेळी तिच्यावर दुसरं कुणीतरी असतं. आज पोटभर जेवलेलं. टॅमरॅकला आपल्याशिवाय कुणी जात नाही. ठेकेदारही जाईल म्हणा. परवडेल तोवर. माझ्या छपराचं मी बघून घेईन, ती काळजी कुणी करू नये. एवढंच. कॉफी मागच्या टेबलावर आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. गस उठला, कॉफी घेतली, एक पेला भरून त्या काचेच्या खोलीत नेऊन ठेवला. मग चिठ्ठ्या पडल्या. 'नको'चा ढीग एवढा झाला की मोजणाऱ्यानं 'हो' तेवढे मोजले.

"म्हणजे उद्या कंपनीत शिव्या खायला मीच जायचं ना," ड्वेन म्हणाला. पण म्हणताना तो हसत होता, आणि वर्षभरात तसं हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

वाटाघाटी लांबल्या. आर्विड शरदात निवृत्त झाला. आम्ही केक कापला, आणि जोलीननं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "तुम्ही जाताय याचा कंपनीतल्या प्रत्येकाला मनापासून आनंद झालाय." आमच्यात निरोप असाच देतात. फेब्रुवारीत करार झाला. पगार थोडा कमी वाढला, छोटी विमानं आमच्याकडेच राहिली, थैली गेली. आर्विडनं छपराला पत्र्याचं ठिगळ लावलं आणि बर्निसला एक नवं भांडं आणून दिलं.

मार्चमध्ये आम्ही दोघं बर्फात भोक पाडून मासे धरायला टॅमरॅकला निघालो. छोट्याच विमानानं, प्रवासी म्हणून.

"खिडकी माझी," मी म्हणालो. "आता एक नंबर मी आहे."

"प्रवाशांना नंबर नसतो," असं म्हणून तो डाव्या खिडकीशी बसलाही.

मिसेस लुंड पुढच्या ओळीत होत्या. विमान वर चढलं, स्थिर झालं आणि भोंग्यातून जोलीनचा आवाज आला.

"नमस्कार मंडळी, मी जोलीन. यादीत माझ्यामागे आता आणखी एक जण आहे, म्हणून आज मी खुशीत आहे. खिडकीला नाक लावायला हरकत नाही. उजवीकडे बघा. दोन गोल तळी, मधे दांडी. तो आजीचा चष्मा."

टॅमरॅकहून येताना तो उजवीकडे असतो. जाताना डावीकडे. तिनं त्याचं वाक्य जसंच्या तसं पाठ केलं होतं.

सगळ्या माना उजवीकडे वळल्या. मिसेस लुंड मागे वळून म्हणाल्या, "आर्विड, इकडे तर नुसतं रान दिसतंय."

"नीट बघा," आर्विड म्हणाला. "कॅप्टननं सांगितलंय."

आणि तोही सगळ्यांबरोबर उजवीकडे वळून बघत राहिला, जोलीनचं बोलणं संपेपर्यंत. त्याच्या पाठीमागे, त्याच्याच खिडकीखाली, दोन पांढरी गोल तळी ऊन खात पडली होती.