आभाळातल्या बानूचं बारसं

मथुराबाईनं एका धोंड्याचं बारसं केलं, हे अणदुरात अजून हसून सांगतात.

साल त्र्याहत्तर. दुष्काळानं आभाळ असं कोरडं ठणठणीत करून ठेवलेलं, की ढगाचा पुंजका दिसेना. इथं जनावरं चाऱ्याविना हंबरत होती, आणि तिकडं हैदराबादेत वेधशाळेत नोकरीला असलेली तिची लेक चांगुणा त्याच आभाळाचे फोटो काचेवर घेत होती. तीन रात्रींच्या काचा शेजारी शेजारी ठेवल्या, तर सगळे तारे जागच्या जागी, अन् एक ठिपका तेवढा सरकलेला. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एक धोंडा, आजवर कुणाच्या नोंदीत नसलेला.

चांगुणानं फोटो धाडला. मथुराबाईनं तो पाळण्यात घातला, गूळ-फुटाणे वाटले आणि वाकून नाव घेतलं, "बानू." खंडोबा जिच्यापायी घर सोडून गेला, ती बानू.

चांगुणा सुट्टीला आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "आई, इतकी घाई कशाला केलीस? तीन रात्रींवर त्याची वाट पक्की होत न्हाय. गणितानं काढलेल्या जागी तो परत दिसाया पाहिजे. न्हाय दिसला तर हरवला. मग पुढं ज्याला सापडंल त्याचा."

"अन् दिसायचा कवा?"

"सोळा महिन्यांनी." चांगुणानं देवळातल्या प्रदक्षिणेवरून समजावलं. आतून फेरी घालणारी बाई म्हणजे पृथ्वी, बाहेरच्या भिंतीकडून लांबची फेरी घालणारी बानू. आतलीच्या चार फेऱ्या होतात, तेव्हा बाहेरचीची एक होते, चार वर्षांची. दर सोळा महिन्यांनी आतली तिला गाठते, अन् ओलांडून जाताना बाहेरची मागं सरकल्यासारखी वाटते.

"वाटते. सरकत न्हाय," मथुराबाई म्हणाली. "शाळा दोनच वर्सं केली, पण प्रदक्षिणा जन्मभर घातल्यात म्या."

ही गोष्ट दूध सोसायटीचा सेक्रेटरी महालिंगप्पा याच्या कानावर गेली. भर रांगेत तो म्हणाला, "मथुराक्का, बारसं केलंत अन् लेकरूच हरवलं की वो!" सगळी रांग हसली.

मथुराबाई त्याच महिन्यात सोसायटीची चेअरमन झाली होती. तिनं नव्या खुर्चीकडं पाहिलं आणि पेंडीच्या पोत्यावर फतकल मारली. "बानू परत येईस्तोवर मी खुर्चीत बसणार न्हाय. अन् काय रं, आपला खंडोबा दरसाल थोडे दिस नळदुर्गाच्या देवळात राहाया जातो, तवा हरवला म्हणून बोंबलतोस? का वाट बघतोस?"

सोळा महिने झाले, आणि नेमके ढग आले, इथंही अन् हैदराबादेवरही; बानू काही दिसली नाही. विहिरी भरल्या, गाव नाचलं. पावसाला शिव्या देणारी मथुराबाई तालुक्यात एकटीच. "आठ दिवस दम धरला असतास तर तुझं काय जात हुतं, मेल्या?" हिरव्या चाऱ्यावर म्हशी दुप्पट दूध देऊ लागल्या, तशी तिची जीभ मऊ पडली. पोतं मात्र तिनं सोडलं नाही.

आणखी सोळा महिने गेले. मार्गशीर्षात देव नळदुर्गाला गेलेला असताना चांगुणाचं पत्र सोसायटीत आलं. मथुराबाईचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून वाचायची पाळी महालिंगप्पावर आली.

"आई, बानू दिसली," एवढं वाचून त्यानं तीच ओळ मनाशी पुन्हा वाचली.

"वाच की. दातखीळ बसली?"

"गणिताच्या जागेपासून केसभरच बाजूला. जुनी वाट अन् नवी वाट जुळली. कक्षा जराशी लांबट, जराशी कलती, पण पक्की. शोध माझ्या नावावर लागला. पुढं क्रमांक मिळाला की नाव सुचवायचा मान माझा. काय नाव ठेवू?"

महालिंगप्पानं खांद्यावरच्या टॉवेलानं खुर्ची पुसली. "बसा, मथुराक्का."

तिनं आधी पदर सारखा केला, सगळ्यांना घटकाभर ताटकळवलं, मग बसली.

"देव अजून नळदुर्गात, अन् बानूच आधी आली की!" महालिंगप्पा म्हणाला.

"बायका वेळेवर येतात, म्हालिंगप्पा. आता लिही चांगुणाला, नाव कवाच ठेवलंय. दुसऱ्यांदा बारसं न्हाय. पाळणा म्या शेजारच्या नागम्माच्या नातवाला दिलाय, तो काय धोंड्यासाठी परत मागू?"