उरलेली शतावरी

पळसाच्या पानात मोगऱ्याची फुलं. ओली.

खडी फोडायची हातोडी, दांड्याला चिंधी गुंडाळलेली.

कोनाड्यात शतावरीची मुळं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आणलेली, अर्धी उरलेली.

वाशाला टांगलेली बाळाची झोळी. रिकामी.

"पदर काढ," आक्काबाई म्हणाली. सुनेच्या छातीवर तिनं फुलं पसरली आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली. मुक्ताबाईची लेक जाऊन नऊ दिवस झाले होते, तरी दूध थांबत नव्हतं. मोगरा बांधला की आटतं. पण त्या दुष्काळी उन्हाळ्यात मोगरा कुठला? मुक्ताबाईचा नवरा सहादेव भिंगारपर्यंत चालत गेला आणि तिथल्या एका बंगल्याच्या माळ्याकडून ओंजळभर मागून आला.

"तीन दिस सोडू नको. ताप भरंल."

"व्हय, आत्याबाई."

दुपारी रस्त्याच्या कामावर भाकरीची सुट्टी झाली. बाभळीखाली तिच्यासोबत खडी फोडणारी कृपा आपल्या एलियाला घेऊन बसली होती. पाच महिन्यांचं पोर कोरडंच चोखायचं, रडायचं, पुन्हा चोखायचं. मुक्ताबाई गेल्या चार दिवसांसारखीच शेजारी टेकली आणि पाठीमागं हात नेऊन गाठ सोडली.

"आगं, आज बांधलंय न्हवं?" कृपा म्हणाली.

"आण त्याला इकडं."

दिवस मावळायला आक्काबाईनं पट्टी चाचपली.

"फुलं कुठं गेली?"

"पडली."

"आपसूक?"

मुक्ताबाईनं पदर सावरला. "कृपाबाईचं लेकरू हाय. तिला दूधच न्हाई."

"त्या अब्राहामाच्या बायकूचं? मिशनवाल्यांचं?"

"व्हय."

"म्हंजी मी हितं बांधायचं आन् तू तिथं सोडायचं. लई शानी."

आक्काबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. कोनाड्यातली सगळी मुळं तिनं खलात टाकली, कुटली, पाण्यातच उकळली. दुधात उकळायची, पण दूध कुठून आणणार? वाटी सुनेपुढं आदळली.

"नीट वढतंय का?"

"वढतंय."

"मग पी. गार व्हायच्या आत."

मुक्ताबाई प्याली. आक्काबाईनं वाशाची झोळी सोडली, झटकली, घडी घातली आणि उद्या कामावर न्यायच्या भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवून दिली.

गेली तेव्हा मुक्ताबाईची मुलगी सव्वा महिन्याची होती. बारसं पाऊस पडल्यावर करायचं ठरलं होतं.