गुडघ्यावर कोसळणारी आई

सत्तावन्न सालच्या निवडणुकीच्या धामधुमीत बाबुरावांच्या कलापथकाचे दिवसाला दोन-दोन खेळ होत. परळच्या चाळीतली एकवीस वर्षांची बकुळा त्यात मराठी राज्याच्या चळवळीतल्या गोळीबारात मेलेल्या पोराची आई व्हायची. केसांना पावडर फासायची आणि प्रेत समोर आलं की धाडकन गुडघ्यांवर कोसळायचं. समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावत. पहिल्या खेपेला बकुळाही खरंच रडली होती. पुढं पुढं तिला उजव्या गुडघ्यातली करकर तेवढी जाणवायची.

मग जिना उतरताना कळ येऊ लागली. मांडी घालून बसलं की उठताना भिंत धरावी लागे.

"या वयात कसले गं गुडघे?" आई म्हणाली आणि तिनं तेल गरम केलं. तेलानं काही झालं नाही.

दादरच्या डॉक्टर हेमचंद्रांनी पाय सरळ करून गुडघ्याची वाटी हलकेच दाबली. बकुळा कळवळली.

"वाटीच्या मागं गुळगुळीत कूर्चा असते, कोवळ्या खोबऱ्यासारखी. आपटून आपटून तुझी खरवडली गेलीय. वय लहान म्हणून कुणी मनावर घेत नाही, आणि तोवर ती झिजत राहते."

"भरून येईल?"

"सांगता येत नाही. गुडघ्यावर पडणं बंद, उकिडवं बसणं बंद. पाय ताठ ठेवून रोज उचलायचा. मांडीत जोर आला की वाटीवरचा भार हलका होईल."

"बरं," बकुळा म्हणाली. तिला वाईटही वाटलं नाही.

संध्याकाळी लालबागला खेळ होता. बाबुराव वैतागले. "आई कोसळली नाही तर लोक रडतील कशाला? आयत्या वेळी दुसरी पोरगी कुठनं आणू?"

"मी उभी राहीन."

प्रेत आलं. बकुळा उभीच राहिली. हात लोंबत होते. चेहऱ्यावर काही आलं नाही, आणावं असंही तिला वाटलं नाही. बोलायचं होतं तेही ती विसरली. ढोलकी थांबली. पुढच्या रांगेत एका बाईनं हुंदका दिला, मग मागंही आवाज वाढत गेला.

"उद्यापासून असंच कर," विंगेत बाबुराव डोळे पुसत म्हणाले.

मराठी राज्य होईपर्यंत प्रत्येक खेळात ती तशीच उभी राहिली. गुडघा पुरता बरा झाला नाही, पण दुखणं वाढलंही नाही. पुढं कलापथक मोडलं. एकदा नळावर शेजारची शेवंती म्हणाली, "किती रडवलंस गं आम्हाला! तुला काय वाटायचं तेव्हा?"

बकुळानं आठवून पाहिलं.

"पाय भरून यायचे," ती म्हणाली.