मुळं नसलेल्या दाढा

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरबाई म्हणत. काम तसंच होतं. खाणीतल्या जुन्या थरांची माती पाण्याखाली चाळायची, उरलेला गाळ वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने त्यातल्या व्होलच्या दाढा वेचायच्या. व्होल म्हणजे उंदराचा भाऊबंद. पण कणीएवढी त्याची दाढ अख्ख्या थराचं वय सांगते. जुन्या काळी या दाढांना मुळं असत. पुढच्या वंशजांच्या दाढा जन्मभर वाढत राहू लागल्या आणि मुळं गेली.

खाणीतल्या एका थरात माणसाची दगडी हत्यारं सापडली होती. दाढांच्या मोजक्या तुकड्यांवरून तिच्या सरांनी तरुणपणी तो थर फार जुना ठरवला आणि त्यावरच त्यांचं नाव झालं. आता तिने तिथली माती नव्याने चाळली, तर पहिलीच अख्खी दाढ बिनमुळाची.

वरच्या नव्या थरातली असेल, एखाद्या बिळातून खाली घसरली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. थर आतपर्यंत खोदून पुन्हा माती आणली. दाढा भरपूर निघाल्या. मूळ एकीलाही नव्हतं.

ती सरांकडे गेली. फोनवर आधीच सगळं कळलेल्या त्यांच्या मुलीने दारातच हात धरला. "ताई, बाबांना हे सांगू नका. या वयात कशाला जिव्हारी लावायचं?"

तिने मान डोलावली. पण बसते न बसते तोच सरांनी विचारलं, "माती चाळलीस ना? काय निघालं?"

तिच्याने खोटं बोलवेना. "मुळं नाहीत, सर."

"पिल्लं असतील. पिल्लांच्या दाढांना मुळं फुटलेली नसतात."

"म्हाताऱ्यांच्याही आहेत. पार झिजलेल्या."

मुलीने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती चहा न घेताच निघाली.

आठवड्याने सर मुलीचा हात धरून प्रयोगशाळेत हजर झाले. हात कापत होते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दाढांची बशी उंदीरबाईने सरकवायची आणि त्यांनी पाहायचं, असं चाललं. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंगावरून डोळा काढला.

"माझ्या तुकड्यांचा तुटका भागच मी मूळ धरून बसलो," ते म्हणाले. "दिसलं म्हणून नाही गं, हवं होतं म्हणून."

"सर, तेव्हा अख्खी दाढ मिळालीच नव्हती..."

"माझी वकिली नको करूस. चुकलो असं सरळ लिही. थर कोवळा निघाला म्हणून काही हत्यारं खोटी ठरत नाहीत."

तिचे डोळे भरून आले. मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग वडिलांना म्हणाली, "बाबा, जेवायची वेळ झाली. चला."

"तू जेवून ये," सर पुन्हा वाकत म्हणाले. "इथे अर्धा गाळ तसाच पडलाय."