जसंच्या तसं

वृंदाने उजवा हात वर करून शपथ घेतली. आरोपी बोलेल ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगेन, पदरचं घालणार नाही, ऐकलेलं गाळणार नाही. बंगालात, बेहाल्यातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत निवेदन करणाऱ्या बाईवर अशी वेळ येईल असं कुणाला वाटलं असतं!

कोर्टाला मराठी जाणणारं माणूस हवं होतं. बडाबाजारात सोनं गाळणारे आटपाडीकडचे लोक चिक्कार, पण ते सगळे आरोपी बाईच्या फिर्यादी दिराच्या गोतातले. तेव्हा कुणीतरी मराठी मंडळात फोन केला, आणि अध्यक्षांनी स्वतःची मान सोडवून घेत वृंदाचं नाव पुढे केलं. तिचा नवरा मनोहर, बँकेतला माणूस. त्याने सकाळी चहा पिता पिता बजावलं होतं की शब्दाला शब्द सांगायचा आणि घरी यायचं, नसत्या उठाठेवी करायच्या नाहीत.

पिंजऱ्यात मंगला उभी होती. पस्तिशीची असेल, पण गालांची हाडं वर आलेली. दारुड्या नवऱ्याला जिन्यावरून ढकलून मारल्याचा आरोप होता आणि ती दोन वर्षं तुरुंगात होती. शाबीत झालं तर जन्मठेप. तिच्या बंगाली वकिलाने मोडक्यातोडक्या हिंदीत तिला एवढंच पढवलं होतं, की काहीही विचारलं तरी ‘खोटं आहे’ म्हणायचं.

आणि ती म्हणत होती. न्यायाधीश विचारायचे, वृंदा मराठीत सांगायची, मंगला ‘खोटं हाय’ म्हणायची. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की वृंदाने मनात दुपारच्या भाजीचा विचारही करून टाकला. मग शेवटचा प्रश्न आला. त्या संध्याकाळी तुम्ही नवऱ्याला ढकललंत का?

मंगलाने न्यायाधीशांकडे बघितलंच नाही. ती वृंदाकडे वळली.

“बाई, दोन वर्सांनी आपलं बोलणं कानावर पडलंय. तुमच्याम्होरं खोटं न्हाई बोलवत. ढकललं म्या. पोरीला केसाला धरून वढत हुता. आन् पडल्यावर म्या खाली गेले न्हाई. वरच बसून ऱ्हायले.”

वृंदाला वाटलं, अगं बये, कशाला सांगितलंस? आणि सांगायला मीच सापडले? टंकलेखकाची बोटं थांबली होती. वकील खुशाल घड्याळ बघत होता. दीर त्या दिवशी आला नव्हता; त्या खोलीत मंगलाखेरीज मराठी कळणारी ती एकटीच होती.

“काय म्हणाली?” न्यायाधीशांनी विचारलं.

वृंदाने टंकलेखकाकडे बघितलं.

“खोटं आहे म्हणते,” ती इंग्रजीत म्हणाली. “नवरा पिऊन घसरला. ती घाबरून वरच बसून राहिली.”

टंकलेखन सुरू झालं. भाषांतर खरं असल्याच्या मजकुराखाली तिने सही केली, तेव्हा आडनाव ओळीखाली गेलं. न्यायाधीशांनी अगदी मनापासून आभार मानले. पुढची तारीख सतरा, त्यांनी सांगितलं. मंगलाची मुलगी शर्वरी गावाहून मावशीबरोबर साक्षीला येणार, तिलाही मराठीशिवाय काही येत नाही, तेव्हा दुभाषी तुम्हीच. वृंदाने पुण्याला जायचं कारण पुढे केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरीही तिच्याच नावाचा आदेश लिहायला सांगितला. वकील तर खूश होता. बाप घसरला म्हणून मुलीने सांगितलं की झालं, असं त्याने वृंदाला हिंदीत समजावलं.

महिला पोलीस मंगलाला घेऊन निघाली. दाराशी वृंदा दिसताच मंगला थांबली.

“सांगितलं न्हवं समदं?”

“सांगितलं,” वृंदा म्हणाली.

मंगलाचा चेहरा एकदम सैल पडला. दोन वर्षांत नीट झोप लागली नव्हती, ती म्हणाली, आज लागेल.

“पोर आली की तिलाबी सांगते. बाई आपल्या हायत, भिऊ नगं, बघितलंस ते समदं सांग.”