रिकामा मिक्सर

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारी मिक्सर सुरू झाला, तेव्हा शेजारचे निवृत्त प्राध्यापक साथीवर लेख लिहीत बसले होते. रोज एक लिहायचे आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकायचे. उद्याचा भरवसा उरला नाही, माणूस माणसाला पारखा झाला, माणसं मरताहेत आणि सरकार गप्प बसलंय, असं सगळं. लिहायचे छान, नाही म्हणू नये. आजच्या लेखाखाली मात्र त्यांनी एक ओळ जोडली: शेजारच्यांनी दुपारी मिक्सर लावू नये, विचारात व्यत्यय येतो. त्याखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. या बाई एवढं वाटतात तरी काय, असंही कुणीतरी विचारलं.

काही वाटत नव्हत्या. भांडं रिकामं होतं.

त्या घरात तिघं राहत. मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. ते काम बंद पडल्यापासून घरीच होता. सून मास्क शिवून घर चालवत होती. तिसरी मुलाची आई, तिला अख्खी इमारत काकू म्हणायची. मुलाचा हात उठला की काकू स्वयंपाकघरात जायच्या, मिक्सरवर रिकामं भांडं बसवायच्या आणि बटण दाबायच्या. साथीने त्याला मारायला शिकवलं, असं मात्र कुणी म्हणू नका. आधीही मारायचाच. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मारायचा, आता रोजच सुट्टी होती.

काकू दुष्ट नव्हत्या. हे सांगायला मला जड जातंय, पण नव्हत्या. त्या स्वतः नवऱ्याचा मार खात, तेव्हा त्यांच्या सासूबाई मोरीतला नळ पूर्ण सोडून खाली लोखंडी बादली ठेवायच्या. मग सुनेची पाठ शेकताना म्हणायच्या, बाहेर काही गेलं नाही हो, काळजी करू नकोस. यालाच माया म्हणतात, असं काकू शिकल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे. आग लागो त्या मुठीला, तिच्या आत एका बाईच्या बरगड्या मोडत होत्या.

रिकामा फिरून फिरून मिक्सर शेवटी जळला. दुरुस्तीची दुकानं बंद होती. सुंठीवाचून खोकला गेला, असं प्राध्यापकांनी ग्रुपवर लिहिलं.

मग एका संध्याकाळी सुनेने मास्कचा गठ्ठा बांधला आणि नवऱ्याला विचारलं, फाटकापर्यंत नेऊन देता का, घ्यायला माणूस आलाय. एवढंच विचारलं. मी काय तुझा हमाल आहे का, म्हणत त्याने कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या पाठीवर ओढली. मोडेपर्यंत ओढली. मग केस धरून तिचं कपाळ शिलाई मशीनच्या लोखंडी चाकावर आपटलं, आणि पुन्हा आपटलं. पांढऱ्या मास्कांवर रक्त उडालं. माल खराब झाला, असं ती पुटपुटली. ते ऐकून तो आणखीच चवताळला.

काकूंनी सवयीने मिक्सरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. तेव्हा त्यांनी भांडं काढून हातात घेतलं आणि सुनेच्या किंकाळ्या झाकायला पळीने ते बडवायला लागल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडे प्राध्यापकांच्या टीव्हीचा आवाज वाढला. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. वरच्यांनी गाणी लावली.

काकूंची पळी थांबली. म्हणजे यांना ऐकू येत होतं. ज्या अब्रूसाठी त्यांनी एवढी घरघर केली, ती कधी झाकलेली नव्हतीच; सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ज्याच्या त्याच्या घरात एकेक मिक्सर होता. त्यांनी बाहेरच्या खोलीत पाहिलं. मुलाच्या हातात आता कापड कापायची कात्री होती.

काकू कडी काढून गॅलरीत धावल्या आणि जिवाच्या आकांताने भांडं बडवू लागल्या. साथीत राबणाऱ्या डॉक्टर-नर्ससाठी संध्याकाळी भांडी वाजवायची टूम तेव्हा निघाली होती. तळमजल्यावरच्या नर्सला गच्चीवर पाऊल टाकू न देणारेसुद्धा आठवणीने वाजवत. त्यामुळे काकूंच्या भांड्याचा आवाज ऐकताच दारं उघडली, ताटं-चमचे घेऊन सगळे बाहेर आले आणि वाजवू लागले. काकूंनी हात वर केला. एकेक ताट थांबत गेलं.

"आता ऐका," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा माझ्या सुनेचा जीव घेतोय. सर, टीव्ही बंद करून या."

आतून किंकाळी आली. या वेळी ती झाकायला कुणाचं ताट वाजलं नाही. तरी प्राध्यापकांनी मास्क सावरला आणि अशा काळात दुसऱ्याच्या घरात शिरणं बरं नाही, असं काहीसं म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! जिने चढून धावत आली ती तळमजल्यावरची नर्स. तिने आणि काकूंनी मिळून त्याच्या हातातली कात्री ओढली, त्यात काकूंचा तळवा फाटला. मग कुठे बाकीच्यांचे पाय उचलले.

सून वाचली. उजव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. पोलीस मुलाला घेऊन निघाले, तेव्हा जिन्यात थांबून तो म्हणाला, "आई, घरातलं घरात ठेवता आलं नाही तुला?"

"ठेवलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हणूनच तू असा झालास."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा लेख आला, घराघरांतल्या हिंसेवर. नेहमीसारखाच छान होता. शेवटी लिहिलं होतं, आपल्यापैकी कुणालाच याची कल्पना नव्हती. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. काकू ग्रुपवर कधी काही लिहीत नसत. त्या दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "होती. मला होती, तशी तुम्हालाही होती."